रॉकेटरावांच्या विरोधात

सोमवार, १ सप्टेंबर

आज ग्रंथालयाचे चिटणीस कॉलेजात येऊन गेले. रॉकेटरावांचं जन्मशताब्दी वर्ष आहे, ग्रंथालयाचा नवा वाचनकक्ष बांधून तयार आहे, आणि त्या कक्षाला रॉकेटरावांचं नाव द्यावं असं काही सभासदांच्या डोक्यात शिरलंय. ‘रॉकेटराव’ हे नाव माझंच. बारा वर्षांपूर्वी ते वारले तेव्हा मी वर्तमानपत्रात त्यांच्यावर लेख लिहिला होता, त्यात सहज वापरलं आणि चिकटलं. विज्ञानकथांची तेहेतीस पुस्तकं काढणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं?

तर एकवीस तारखेला जाहीर वादविवाद. त्यांच्या बाजूने खगोलशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, विरोधात साहित्याचा प्राध्यापक म्हणून मी. मग सभासदांचं मतदान.

“तुमच्यासारखा माणूस नाही म्हणाला की विषय मिटला,” चिटणीस म्हणाले. मी आढेवेढे घेतले. फार नाही घेतले.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती रुग्णालयात एक्स-रे काढते, त्यामुळे तिला माणसाच्या आतलं बघायची सवय आहे. तिने विचारलं, “तू त्यांची पुस्तकं वाचलीयेस?”

“गरजेपुरती,” मी म्हणालो.

इथे खोटं लिहून उपयोग नाही. दोन कथा आणि एका कादंबरीचं मलपृष्ठ.

सासूबाई खाली मान घालून जेवत होत्या. सासरे गेल्यापासून दोन वर्षं त्या आमच्याकडे आहेत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटर होत्या. मला वाटतं त्यांचं सगळं बोलून झालंय. आमच्यात रोज जास्तीत जास्त चार वाक्यं होतात, त्यातली दोन गिझरबद्दल. तीस तारखेला त्या माझ्या थोरल्या मेव्हणीकडे जाणार आहेत, कायमच्या. त्यांनीच ठरवलं. बायको तेव्हापासून जरा गप्प आहे. मी आज त्यांच्या खोलीची एक भिंत टेपने मोजली. पुस्तकांच्या पाच फळ्या आरामात बसतील.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

खगोलशास्त्रज्ञांच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन आहे, म्हणजे ते बाद. मी मनातल्या मनात विजयाचा हार गळ्यात घालून घ्यायला उभा राहिलो होतो, तेवढ्यात चिटणीसांचा फोन.

“बदली वक्ता मिळाला, सर. म्हणजे मिळाल्या. नाव तुमच्याच घरातून आलं.”

“कुणाचं नाव?”

“तुमच्या सासूबाईंचं.”

मी फोन ठेवून थेट स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई कांदा चिरत होत्या.

“आई, तुम्ही चिटणीसांना फोन केला होतात?”

“मी?” त्यांनी सुरी खाली ठेवली. “मला आत्ताच त्यांनी विचारलं. मला वाटलं तुम्हीच सुचवलंत. बरं वाटलं मला, म्हणून तर हो म्हणाले.”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. बायको सिंक घासत होती. सिंक आधीच लखलखीत होतं, तरी घासत होती आणि काहीतरी गुणगुणत होती.

माझा निष्कर्ष: चिटणीस महा चतुर माणूस आहे. घरात भांडण लावून सभागृह भरायचं, दुसरं काय!

रविवार, ७ सप्टेंबर

सासूबाईंच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. दोन वर्षं मला वाटत होतं, त्यात जुने कपडे आहेत. आज त्यांनी ती ओढून उघडली. रॉकेटराव, तेहेतीसच्या तेहेतीस, प्रत्येकाला खाकी कव्हर.

मला पुस्तकं हवीच होती. ग्रंथालयातल्या प्रती तळघरात आहेत आणि तिथल्या धुळीने मला शिंका येतात. मी मागितली तेव्हा त्यांनी मला असं न्याहाळलं, जसं लोक उसनी छत्री मागणाऱ्या शेजाऱ्याला न्याहाळतात.

“पान दुमडायचं नाही. पेन्सिल लावायची नाही. वर कप ठेवायचा नाही.”

“आई, मी साहित्याचा प्राध्यापक आहे.”

“म्हणूनच सांगतेय. तुमच्या पुस्तकांवरचे कपाचे गोल मीच पुसते.”

‘यंत्रमानवाची पेन्शन’ या संग्रहापासून सुरुवात केली. पहिल्या वीस पानांत चौदा दोष काढले. ‘अथांग’ हा शब्द नऊ वेळा. सगळी पात्रं एकाच माणसासारखी बोलतात आणि तो माणूस बहुतेक इंजिनिअर असावा. फार उत्साह वाटला. हे प्रकरण सोपं आहे.

बुधवार, १० सप्टेंबर

कॉलेजचा स्टॉप चुकला. दोन स्टॉप पुढे गेलो आणि पहिला तास बुडाला. हल्ली कंडक्टर स्टॉपचं नाव नीट ओरडत नाहीत.

हातात ‘चौथा चंद्र भाड्याने’ होतं. एका ग्रहाला चार चंद्र असतात, त्यातला चौथा एक कुटुंब भाड्याने घेतं, आणि घरमालक अचानक चंद्र विकायला काढतो. कथानक अगदीच पोरकट. दोष शोधण्यासाठी शेवटपर्यंत वाचावं लागलं. परत येताना दोष नीट तपासण्यासाठी पुन्हा वाचलं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज जेवणाच्या टेबलावर वाजलं.

मी सहज म्हणालो, “भाषा सपाट आहे हो. एक वाक्य लक्षात राहील तर शपथ.”

सासूबाई म्हणाल्या, “वाक्य लक्षात राहावं म्हणून वाक्य लिहिलेलं मला कळतं. मग मी ते पान उलटते.”

“पण साहित्य म्हणजे शेवटी भाषाच ना?”

“आणि गोष्ट?”

“गोष्ट कुणीही सांगेल.”

“सांगा बरं मग एक.”

बायकोला ठसका लागला. पाणी दिलं. सासूबाई मात्र रंगात आल्या होत्या. “तुमच्या त्या लेखात तुम्ही ‘नऊ वर्षांनी पोचलेली हाक’बद्दल लिहिलं होतंत. काय लिहिलं होतंत, आठवतंय?”

“एका वैमानिकाच्या एकाकीपणाची भडक कहाणी,” मला शब्द न् शब्द आठवत होता. चांगलं वाक्य होतं ते.

“तो वैमानिक नाहीये,” त्या हळूच म्हणाल्या. “कारकून आहे. तो जमिनीवरून हलतच नाही.”

मग त्या उठल्या आणि आपलं ताट विसळायला गेल्या. बायको ताटातल्या भाताकडे बघत राहिली.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

ट्रंकेतून ‘हाक’ काढली, पहिलं पान उघडलं. कारकून. पहिल्याच ओळीत.

लेख छापून आला तेव्हा मला चाळीस तरी पत्रं आली. कुणीही हे दाखवलं नव्हतं. म्हणजे माझी वाहवा करणाऱ्यांनीही ते वाचलं नव्हतं. सासूबाईंनी वाचलं होतं आणि त्यांना बारा वर्षं माहीत होतं की जावयाने न वाचताच लिहिलंय. बारा वर्षांत त्या माझ्या दोन व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसून गेल्या आहेत. कुणाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बायकोलाही नाही, तिचा कालचा चेहरा खरा होता.

दिवसभर कान गरम होते. बीपी बघायला हवं.

रविवार, १४ सप्टेंबर

‘हाक’ वाचली. थोडक्यात लिहून ठेवतो, वादात लागेल.

एक यान दूर गेलेलं आहे, परत न येण्यासाठी. त्यावरून आलेला निरोप पृथ्वीवर पोचायला नऊ वर्षं लागतात, उत्तर जायला आणखी नऊ. निरोप नोंदवायला एक कारकून नेमलेला आहे. एके दिवशी यानावरच्या लहान मुलीचा आवाज येतो: “तिकडे कुणी आहे का?” कारकून हिशेब करतो. तिने विचारलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. उत्तर पोचेल तेव्हा चोवीस वर्षांची असेल. सहा वर्षांच्या मुलीला काय सांगायचं, ते त्याला येतं. चोवीस वर्षांच्या बाईला काय सांगायचं? अख्खी कथा म्हणजे तो उत्तराचे खर्डे करतो आणि फाडतो, एवढीच. शेवटी तो तीनच शब्द पाठवतो: “आहे. बोल, बाळ.” चोवीस वर्षांच्या बाईला बाळ.

यात ‘अथांग’ एकदाही नाही. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक, शेवटचं पान दोनदा पुसावं लागलं. म्हणजे चष्मा.

दुपारी सासूबाई गॅलरीत बसल्या होत्या. मी खुर्ची ओढली. त्यांनी सरकून जागा केली, जागा भरपूर होती तरी.

“तुम्हाला ही एवढी का आवडते?” मी विचारलं. वादाची तयारी म्हणून.

त्या म्हणाल्या, “मी बत्तीस वर्षं लोकांच्या बोलण्याच्या मधे बसले. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड. कुणाचं लग्न ठरायचं, कुणी गेल्याची बातमी यायची, मी वायर जोडायची आणि बाजूला व्हायची. लाईन खराब असली की इकडचं वाक्य तिकडे मी सांगायची. एका बाईला तिच्या मुलाचं ‘मी सुखरूप आहे’ मी माझ्या तोंडाने सांगितलंय. ती मलाच म्हणाली, ‘जेवलास का रे?’”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“जेवलो, म्हणाले. काय म्हणणार?” त्या हसल्या. “मधे बसणाऱ्या माणसावर कोण गोष्ट लिहितं, सांगा. राजावर लिहितील, चोरावर लिहितील. ह्यांनी लिहिली.”

ही माणसं दोन वर्षं आपल्या घरात असतात आणि आपण त्यांना गिझरबद्दल विचारतो.

मी म्हणालो, “हे तुम्ही आधी कधी बोलला नाहीत.”

“तुमच्यासमोर बोलायची भीती वाटते. परवा मी ‘मला मदत केली’च्या जागी ‘माझी मदत केली’ म्हणाले, तर तुम्ही लगेच दुरुस्त केलंत.”

“चूकच होती ती.”

“होती ना,” त्या म्हणाल्या आणि उठून कपडे काढायला गेल्या.

त्यांना माझ्या भाषाज्ञानाबद्दल आदर आहे, हे ऐकून बरं वाटलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

बायकोला गॅलरीतलं सगळं सांगितलं. आदराचंही. तिने एक्स-रे बघताना करते तशी मान तिरकी करून मला निरखलं आणि म्हणाली, “तुला खरंच आदर ऐकू आला?”

“दुसरं काय?”

“काही नाही. झोप.”

सध्या तिला कामाचा ताण असावा.

शनिवार, २० सप्टेंबर

उद्या वादविवाद. घर म्हणजे दोन छावण्या झाल्या आहेत. सासूबाई दार लावून आरशासमोर सराव करतात. मी बाथरूममध्ये, कारण तिथे आवाज घुमतो. बायको दोघांना कॉफी पोचवते आणि कुणाचे मुद्दे काय, विचारलं तर “मी तटस्थ राष्ट्र आहे” म्हणते. तिला एवढं मजेत मी वर्षभरात बघितलं नव्हतं. बहुधा सुट्टीमुळे.

एकोणतीस पुस्तकं वाचून झाली, उरलेली चार मोजणीपुरती चाळली. माझा हुकमी मुद्दा: बायका. तेहेतीस पुस्तकांत नाव असलेल्या बायका अकरा, त्यातल्या नऊ फक्त कॉफी ओततात. हा मुद्दा मांडला की सभागृह माझं.

ती चार उद्या सकाळी नीट वाचेन. वादासाठी आता त्यांची गरज नाही, पण अर्धवट सोडणं बरं दिसत नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

सगळं क्रमाने लिहितो.

सभागृह खच्चून भरलेलं. चिटणीस तर नव्या बुटांत. पहिलं भाषण सासूबाईंचं. निळं स्वेटर, हातात एकच कागद, तोही घडी घातलेला. माईक त्यांच्या उंचीपेक्षा वर होता; त्यांनी तो एका झटक्यात खाली आणला. बत्तीस वर्षांचा हात.

“मी ह्यांची सगळी पुस्तकं वाचलीयेत,” त्या म्हणाल्या, “म्हणून तक्रार करायचा पहिला हक्क माझा. तेहेतीस पुस्तकांत अकरा बायका. नऊ जणी कॉफी ओततात. त्यातल्या पाच जणी अवकाशयानात ओततात. आता मला सांगा, जिथे कशालाच वजन नाही, तिथे कॉफी कपात ओतली कशी?”

असा हशा उठला की मागच्या रांगेतला एकजण खुर्चीसकट सरकला. माझा हुकमी मुद्दा गेला. वर त्याला विज्ञानाची फोडणी. त्या थांबल्याच नाहीत. पात्रं इंजिनिअरसारखी बोलतात, गेला. ‘अथांग’ शब्दाचा अतिरेक, गेला. त्यांनी मोजले होते एकशे सदतीस, मी एकशे बावीसवर थांबलो होतो. माझ्या कागदावरचा एकेक मुद्दा ती बाई शांतपणे खोडत होती. विरोधी बाजू त्यांनीच पूर्ण मांडली.

शेवटी म्हणाल्या, “हे सगळं असूनही मी ती पुन्हा पुन्हा वाचते. का, ते मला नीट सांगता येत नाही. मी शिकलेली कमी. ते आमचे जावई सांगतील. त्यांनी परवा ‘हाक’ वाचलीय.”

आणि बसल्या. त्या ‘परवा’मध्ये जे होतं, ते आम्हा दोघांनाच कळलं. आणि बायकोला.

मी उठलो. हातात तीन पानं, त्यातलं काही शिल्लक नाही. समोर दीडशे लोक. मला वाटलं, आता ‘साहित्याची व्याख्या’ घेऊन पंधरा मिनिटं काढू. ते मला झोपेतही येतं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

“बारा वर्षांपूर्वी मी ह्या लेखकावर लेख लिहिला. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो वाचलाय. तो मी ‘हाक’ न वाचता लिहिला होता. त्यात कारकुनाला वैमानिक केलंय. हे एका वाचकाला तेव्हापासून माहीत होतं आणि त्यांनी माझी लाज राखली.”

पहिल्या रांगेत आमचे विभागप्रमुख बसले होते, त्यांनी चष्मा काढला. एकदा पडलोच होतो, तेव्हा पुढे बोललो. ह्या माणसाला बायका लिहिता आल्या नाहीत, हे खरं. त्याची अर्धी पुस्तकं आज वाचवत नाहीत, हेही खरं. पण तो आपल्याला काही कोटी मैल लांब नेतो आणि तिथे कुणाला भेटवतो, तर खर्डे फाडणाऱ्या कारकुनाला, घर खाली करायला सांगितलेल्या भाडेकरूला, पेन्शनसाठी रांगेत उभ्या यंत्राला. जवळ बसलेल्या माणसाला बघायला मला हा एवढा प्रवास लागला, असं काहीतरी म्हणालो. ‘अथांग’ शब्दही वापरला बहुतेक.

चिटणीस उभे राहून म्हणाले, “म्हणजे सर, तुम्ही नक्की कोणत्या बाजूने?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या नाही, विभागप्रमुख चष्मा पुसत होते.

मतदान झालं. ठराव सात मतांनी पडला. बाहेर पडताना मी सासूबाईंना म्हणालो, “वाईट वाटलं. तुमचं एक मत फुकट गेलं.”

“मी नाव देऊ नका म्हणूनच मत दिलं,” त्या म्हणाल्या. “दारावर नाव लागलं की लोक माणसाचं वाचणं सोडतात.”

मी नाव द्या म्हणून दिलं होतं. हे त्यांना सांगितलं नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. म्हणाले, “प्रामाणिकपणा ठीक आहे, पण माईकवर?” दिवाळखोरी जाहीर केल्यासारखा चेहरा होता त्यांचा. पुढच्या महिन्यातल्या चर्चासत्राचं बीजभाषण माझ्याकडून काढून घेतलंय. वाईट वाटलं, हे मान्य. संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

मग चिटणीसांचा फोन: तळघरातले रॉकेटराव सगळे गेले, आठ जण प्रतीक्षायादीत आहेत. सासूबाईंची तेहेतीस मिळतील का, विचारत होते. सासूबाईंनी रिसीव्हर घेऊन “नाही” म्हटलं आणि ठेवला.

मंगळवार, ३० सप्टेंबर

सासूबाई आज गेल्या. मेव्हणी गाडी घेऊन आली होती. ट्रंक मी आणि ड्रायव्हरने मिळून उचलली, कंबर धरली. थांबायचं कुणी त्यांना म्हणालं नाही. ठरलेलं होतं. बायको आत खिडकीशी होती.

मी काचेपाशी वाकून म्हणालो, “नीट जा.”

“हो,” त्या म्हणाल्या. बहुतेक अजून काहीतरी म्हणणार होत्या, पण गाडी सुरू झाली.

शनिवार, ४ ऑक्टोबर

सुतार फळ्यांचं माप घ्यायला आला होता. त्याला परत पाठवलं. सध्या लाकूड चांगलं मिळत नाही.

चार दिवसांत घरात तीनदा कुणाशी तरी वाद घालायला म्हणून तोंड उघडलं. बायको म्हणाली, “मला सांग ना.” तिला सांगितलं. तिला सगळं लगेच पटलं. त्यात काय मजा?

आणखी एक. आज वर्गात एका मुलीने ‘माझी मदत केली’ म्हटलं. मी दुरुस्त करायला बोट वर केलं आणि तिचा चेहरा बघितला. ती वाक्य अर्ध्यात सोडून गप्प झाली होती. बोट तसंच राहिलं. मग गॅलरी आठवली, आणि त्या कपडे काढायला का उठल्या ते कळलं. म्हणजे आदर नव्हता तो. बायकोने मला विचारलंही होतं.

दोन वर्षं, रोज चार वाक्यं, आणि त्यातली किती मी तपासून परत दिली असतील!

रविवार, १२ ऑक्टोबर

सकाळी मेव्हणीकडे फोन केला. एक संदर्भ विचारायचा होता. सासूबाईच आल्या फोनवर.

“आई, ‘चौथा चंद्र’ आधीचं की ‘पेन्शन’?”

“पेन्शन. पुस्तकात मागे तारीख असते, सर.”

“पुस्तकं तुम्ही घेऊन गेलात.”

“ग्रंथालयात आहेत.”

“प्रतीक्षायादी आहे.”

त्या हसल्या. मग मी म्हणालो की त्यांच्या बायकांच्या मुद्द्यावर एक लेख व्हायला हवा, तो त्यांनीच लिहावा, मी फक्त मदत करेन, आणि तशा कामासाठी दोघं एका गावात असणं सोयीचं, टपालात फार वेळ जातो, शिवाय हवापालट म्हणून इकडची हवा या दिवसांत…

“जावईबापू,” त्यांनी मधेच अडवलं, “लाईन अगदी स्वच्छ आहे. काय म्हणायचंय ते म्हणा.”

दारात बायको उभी होती, हातात टॉवेल. मी तिच्याकडे पाठ केली.

“तुम्हाला मी नीट बोलू दिलं नाही,” मी म्हणालो. “चुकलं माझं. घरी या.”

पलीकडे शांतता. इतकी, की मला वाटलं फोन कटला.

“आई? आहात ना?”

“आहे,” त्या म्हणाल्या. “ट्रंक उतरवायला मात्र या वेळी बाहेरची दोन माणसं बोलवा. तुमच्या कंबरेचं काही खरं नाही.”